भयपटातील स्त्रियांवरील हिंसा: प्रेक्षकाला आधी काय सांगावे आणि कसे सांगावे

भारतातल्या चित्रपटगृहात एखाद्या पात्राने सिगारेट शिलगावली, की पडद्याच्या तळाशी धूम्रपान आरोग्यास हानिकारक असल्याची ओळ उमटते. २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालेल्या नियमांमुळे चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूच्या दुष्परिणामांची चित्रफीतही दाखवावी लागते, आणि १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटी मंचांवरही अशी बंधने आली आहेत. त्याच चित्रपटात पुढे एखाद्या स्त्रीला खुर्चीला बांधून दीर्घकाळ छळले जाणार असेल, किंवा तिच्यावर बलात्कार होणार असेल, तर ते मात्र प्रेक्षकाला बहुतेक वेळा ते दृश्य समोर आल्यावरच कळते. अशा दृश्यावर पट्टी झळकवावी, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही, कारण त्यामुळे दृश्याचा परिणाम तर जाईलच, शिवाय सावध होण्याची वेळही तोवर टळून गेलेली असेल. अपेक्षा इतकीच आहे की तिकीट काढण्यापूर्वी किंवा घरी चित्रपट सुरू करण्यापूर्वी, ज्याला हे जाणून घ्यायचे आहे त्याला ते नेमकेपणाने जाणून घेता यावे.

या लेखात अशा आगाऊ सूचनेचा विचार केला आहे, आणि तोही भयपटापुरता. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. चित्रपटावर बंदी घालणे, त्यातील दृश्ये कापणे, त्याला वयाची अट लावणे आणि त्याच्याविषयी आगाऊ सूचना देणे या चार वेगवेगळ्या कृती आहेत. पहिल्या तिन्हींत दुसरे कोणीतरी प्रेक्षकाच्या वतीने निर्णय घेते. चौथीत निर्णय प्रेक्षकाच्याच हाती राहतो आणि त्याला फक्त त्यासाठी लागणारी माहिती मिळते. सूचनेची मागणी केली की लगेच सेन्सॉरशिपचा आरोप होतो, तो या चारही गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळे होतो.

भयपटाची अडचण निराळी का आहे

इतर चित्रपटांच्या बाबतीत 'यात अस्वस्थ करणारी दृश्ये आहेत' एवढे वाक्य काही अंशी तरी उपयोगी पडते. भयपटाच्या बाबतीत ते जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण अस्वस्थ होण्यासाठीच तर प्रेक्षक तिथे आलेला असतो. त्यातही भयपटाने इशाऱ्याचाच जाहिरातीसारखा वापर फार पूर्वीपासून केला आहे. १९३१ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'च्या सुरुवातीला एक नट पडद्यावर येऊन प्रेक्षकांना सांगतो की हा चित्रपट तुम्हाला हादरवू शकतो, तेव्हा ज्यांना ताण सोसवत नसेल त्यांनी आताच विचार करावा. १९५८ साली विल्यम कॅसल या निर्मात्याने 'मकाब्र' या चित्रपटासाठी प्रत्येक प्रेक्षकाचा भीतीने मृत्यू झाल्यास हजार डॉलर मिळतील असा विमा जाहीर केला होता. आपल्याकडे २००८ साली 'फूंक' प्रदर्शित झाला, तेव्हा राम गोपाल वर्मा यांनी चित्रपटगृहात एकट्याने बसून तो पूर्ण पाहणाऱ्याला पाच लाख रुपयांचे आव्हान दिले होते. इतक्या वर्षांच्या अशा सवयीनंतर 'दुबळ्या काळजाच्या लोकांनी पाहू नये' ही ओळ वाचून कोणी सावध होत नाही, उलट उत्सुकताच वाढते. म्हणून भयपटाविषयीची सूचना सर्वसाधारण असून चालत नाही. कोणती हिंसा, कोणावर, कशा रीतीने आणि किती वेळ, हे तिने सांगितले तरच ती सूचना ठरते. एरवी ती पोस्टरवरची आणखी एक ओळ होऊन राहते.

दुसरी अडचण प्रेक्षकांसंबंधी आहे. भयपट म्हणजे पुरुषांची आवड आणि सूचना म्हणजे भयपट न आवडणाऱ्या स्त्रियांची सोय, असा एक समज आढळतो आणि तो चुकीचा आहे. भुताखेतांच्या गोष्टी, झपाटलेले वाडे, अंगावर शहारा आणणारी शांतता हे सारे मनापासून आवडणाऱ्या असंख्य स्त्रिया आहेत, आणि सूचनेची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. ज्यांना भयपट मुळात नकोच असतो, त्या तिथे जातच नाहीत. जिला भूत चालते, रक्तही चालते, पण बलात्काराचे दृश्य चालत नाही, ती आज अक्षरशः नशिबावर हवाला ठेवून भयपट पाहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात जवळपास दर तीन स्त्रियांपैकी एकीने आयुष्यात कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवलेली असते. हे आकडे समोर ठेवले, की भरलेल्या चित्रपटगृहात असा अनुभव असलेली एकही स्त्री नसेल असे गृहीत धरणे कठीण होते. तिच्यासाठी पडद्यावरचे ते दृश्य कल्पनेतले उरत नाही.

रक्त मोजून हिंसा कळत नाही

हिंसेची तीव्रता रक्ताच्या प्रमाणावर ठरते असे आपण सहज मानतो, आणि बहुतेक सूचनाही त्याच समजुतीवर लिहिल्या जातात. भयपटांचा इतिहास मात्र वेगळेच काही सांगतो. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९६० सालच्या 'सायको'मधील स्नानगृहातील हत्येचे दृश्य पाऊण मिनिटाच्या आसपासचे आहे. त्यात सुरी शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, जे काही घडते ते तुकड्यातुकड्यांच्या जोडणीतून आणि संगीतातून प्रेक्षकाच्या मनात घडते. तरीही निर्वस्त्र, एकटी आणि बेसावध स्त्री ही त्या दृश्याची मांडणी पुढे कित्येक दिग्दर्शकांनी उचलली. हिचकॉक यांचे कौशल्य मात्र त्यांतल्या थोड्यांनाच साधले.

१९७४ सालच्या 'द टेक्सास चेनसॉ मॅसकर'चे उदाहरण याहून बोलके आहे. नावावरून वाटते तितके रक्त त्या चित्रपटात दिसत नाही. तरीही ब्रिटनच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने, म्हणजे बीबीएफसीने, त्याला दीर्घकाळ प्रमाणपत्र नाकारले आणि १९९९ साली कुठे तो काटछाट न करता संमत केला. अडचण एखाद्या दृश्याची नव्हती. शेवटच्या भागात एका तरुणीची दहशतीने होणारी अवस्था इतकी लांबवलेली आहे, की कोणते दृश्य कापले तर ती सौम्य होईल हेच मंडळाला सापडत नव्हते. रक्ताचे थेंब मोजणाऱ्या सूचनेला असा चित्रपट सौम्य वाटेल, आणि जिला कोणी कधी कोंडून ठेवलेले आहे अशा प्रेक्षक स्त्रीला तो सर्वांत असह्य वाटेल.

अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांत एकामागून एक तरुण मुलामुलींचे खून पाडणाऱ्या मारेकऱ्याच्या चित्रपटांची लाट आली, त्यांना स्लॅशर म्हणतात. या चित्रपटांत फक्त स्त्रियाच मारल्या जातात, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. संशोधकांनी प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा बळींच्या संख्येत स्त्रीपुरुषांमध्ये फारसा फरक आढळला नाही, आणि या चित्रपटांचे समर्थक ते वारंवार सांगतात. परंतु फ्रेड मोलिटर आणि बॅरी सॅपोल्स्की यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट मोजली होती, ती म्हणजे बळी पडणारी व्यक्ती भयभीत अवस्थेत पडद्यावर किती वेळ दिसते. तो वेळ स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक निघाला. पुरुष मरतो तेव्हा चटकन मरतो. स्त्रीला मात्र आधी पळायला लावले जाते, लपायला लावले जाते, रडवले जाते, आणि हे सारे कॅमेरा सावकाश पाहत राहतो. मृतांची संख्या सारखी असली तरी पाहणाऱ्याचा अनुभव सारखा नसतो. सूचनेत हिंसेचा कालावधी नोंदवण्याचा आग्रह मी धरतो तो याच कारणाने.

कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या अमेरिकी समीक्षकद्वयीने १९८० साली आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा एक संपूर्ण भाग स्त्रियांना लक्ष्य करणाऱ्या चित्रपटांवरील टीकेसाठी दिला होता. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता, की हे चित्रपट प्रेक्षकाला मारेकऱ्याच्या जागी उभे करतात आणि बळीच्या बाजूने विचार करण्याची संधीच ठेवत नाहीत. विशेष म्हणजे त्याच कार्यक्रमात त्यांनी 'हॅलोविन' या स्लॅशर चित्रपटाची प्रशंसा केली, कारण तिथे मारेकरी जिच्या मागे लागलेला असतो त्या मुलीकडे आपली सहानुभूती राहते. पुढे कॅरल क्लोव्हर या अभ्यासक स्त्रीने दाखवून दिले, की स्लॅशर चित्रपटांत अखेरीस जिवंत राहून मारेकऱ्याला तोंड देणारी व्यक्ती बहुधा एक मुलगीच असते आणि पुरुष प्रेक्षकही शेवटी तिच्याच बाजूने श्वास रोखून बसतात. भयपट स्त्रीद्वेष्टाच असतो असे सरसकट म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरते. काही भयपटांनी स्त्रियांचे भोग जितक्या थेटपणे मांडले आहेत, तितके सामाजिक म्हणवल्या जाणाऱ्या चित्रपटांनीही क्वचितच मांडले असतील.

त्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे विशाल फुरिया यांचा 'लपाछपी'. दिवस भरत आलेली एक स्त्री चहूबाजूंनी उसाने वेढलेल्या घरात येऊन राहते आणि तिथे जे तिला घाबरवते त्याचे मूळ भुतात नसून मुलगी नको या हट्टात आहे, हे हळूहळू उलगडत जाते. याच कथेवर पुढे २०२१ साली हिंदीत 'छोरी' आला. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यातील सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली नोंदल्या गेल्या होत्या, हे ज्याला माहीत आहे त्याला या चित्रपटातला ऊस नुसता भीतीचा देखावा वाटणार नाही. हा चित्रपट लोकांनी जरूर पाहावा असे मला वाटते. आणि म्हणूनच, ज्या स्त्रीचा गर्भपात सासरच्या दबावाखाली झालेला आहे किंवा जिने नुकतेच मूल गमावले आहे, तिला त्याचा विषय आधी कळायला हवा, असेही तितक्याच ठामपणे वाटते. चित्रपट चांगला असला म्हणजे सूचनेची गरज उरत नाही असे नाही. उलट परिणामकारक चित्रपटाबाबत ती अधिकच असते.

सर्वांत मोठा दगाफटका होतो तो गंमतीच्या अपेक्षेने पाहिलेल्या चित्रपटांत. १९८१ सालच्या 'द ईव्हिल डेड'ची ख्याती अतिरंजित रक्तपाताच्या धमाल भयपटाची आहे, त्याचे पुढचे भाग तर विनोदाकडेच झुकले. पहिल्या भागात मात्र जंगलातल्या फांद्या आणि वेली एका तरुणीला जखडून तिच्यावर बलात्कार करतात असे दृश्य आहे. दिग्दर्शक सॅम रेमी यांनी पुढे त्या दृश्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. 'मित्रांबरोबर बघायला मजा येते' एवढ्या शिफारशीवर तो लावणाऱ्यांना या प्रसंगाची कल्पना कोणी दिलेली नसते.

आपल्याकडील प्रमाणपत्र काय सांगते

आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखाली काम करते. चित्रपटाला 'यू', 'यूए', 'ए' किंवा विशिष्ट व्यावसायिकांपुरते 'एस' प्रमाणपत्र मिळते. 'यूए' हा वर्ग १९८३ साली आला आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन पोटविभाग झाले. ही सुधारणा पालकांसाठी स्वागतार्ह आहे. परंतु ती वयाचीच सुधारणा आहे. चाळीस वर्षांच्या स्त्रीला 'ए' या अक्षरातून एवढेच समजते, की कायद्याने तिला हा चित्रपट पाहता येतो. त्यात शिव्या आहेत, प्रणय आहे, डोकी फुटताना दिसतात की सामूहिक बलात्कार आहे, याचा उलगडा त्या अक्षरातून होत नाही.

मंडळासाठी केंद्र सरकारने १९९१ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्त्रियांवरील लैंगिक हिंसेचा स्पष्ट उल्लेख आहे. अशी दृश्ये टाळावीत आणि कथानकासाठी ती अपरिहार्य असतील तर कमीत कमी ठेवून तपशील दाखवू नयेत, असा त्याचा आशय आहे. म्हणजे या विषयाचे गांभीर्य आपल्या नियमांना ठाऊक आहे, पण त्यावरचा त्यांचा मुख्य उपाय दृश्य कमी करण्याचा आहे. कमी केलेले दृश्यही एखाद्या प्रेक्षकाला अचानक गाठू शकते.

ओटीटीच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या मंचांना प्रत्येक कार्यक्रमाला वयोगट द्यावा लागतो आणि आशयाचे वर्णन करणारी ओळ सुरुवातीला ठळकपणे दाखवावी लागते. तेरा वर्षे आणि त्यावरील वर्गांसाठी पालकांना असे कार्यक्रम कुलूपबंद करता येतील अशी सोयही द्यावी लागते. वरच्या कोपऱ्यात काही सेकंद झळकणारे 'हिंसा, भय, असभ्य भाषा' हे शब्द तिथूनच येतात. ते शब्द वाचण्याची सवय लावून घ्यावी. मात्र त्यातील 'हिंसा' या एका शब्दाखाली भुताने केलेली फेकाफेकही येते आणि नवऱ्याने बायकोचा गळा आवळणेही येते, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवावी.

अमेरिकेतील वर्गीकरणात १९९० पासून अक्षराबरोबर कारणही दिले जाते. तिथेही हीच त्रुटी दिसते. २०२० साली ली व्हॅनेल यांचा 'द इनव्हिजिबल मॅन' आला. जोडीदाराच्या छळातून सुटून पळालेली एक स्त्री, तिचा अदृश्य झालेला पाठलाग करणारा आणि तिच्यावर विश्वास न ठेवणारे सगळे जग, हा त्याचा विषय आहे. वर्गीकरणाच्या कारणात मात्र रक्तरंजित हिंसा आणि भाषा यांचाच उल्लेख होता. कौटुंबिक छळ, जो त्या चित्रपटाचा कणा आहे, तो त्यात कुठेच नव्हता. आणि जे चित्रपट वर्गीकरणाविनाच प्रदर्शित होतात, त्यांच्याबाबत तर अशी एक ओळही मिळत नाही. 'टेरिफायर' मालिकेच्या २०१६ सालच्या चित्रपटात उलट्या टांगलेल्या निर्वस्त्र स्त्रीची करवतीने केलेली हत्या अत्यंत सविस्तर दाखवली आहे. याच मालिकेचा तिसरा भाग २०२४ साली अमेरिकेत वर्गीकरणाविना आला आणि फ्रान्सने तो अठरा वर्षांखालील प्रेक्षकांना बंद केला. या मालिकेची चर्चा समाजमाध्यमांवर 'किती जण उठून गेले' अशा पैजेच्या सुरात होते, आणि त्या गदारोळात त्यात नेमके काय आहे हे सांगणारा आवाज ऐकू येत नाही.

परदेशी भयपट पाहण्यापूर्वी बीबीएफसीच्या संकेतस्थळावर त्या चित्रपटाचे पान वाचणे हा आज उपलब्ध असलेला चांगला मार्ग आहे, कारण तिथे प्रमाणपत्रामागची कारणे पूर्ण वाक्यांत दिलेली असतात. प्रेक्षकांनीच मते नोंदवून उभे केलेले 'डझ द डॉग डाय' हे संकेतस्थळ मुळात चित्रपटात कुत्रा मरतो का एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी सुरू झाले होते, आता त्यावर लैंगिक अत्याचार, कौटुंबिक छळ, गर्भपात अशा कित्येक गोष्टींची हो किंवा नाही अशी उत्तरे मिळतात. मराठी आणि हिंदी भयपटांची माहिती मात्र अशा ठिकाणी तुरळक सापडते. ती भरून काढणे आपल्याच हातात आहे.

सूचनेचा उपयोग होतो का

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर सूचनेच्या बाजूने बोलणाऱ्यांना सर्वस्वी सोयीचे नाही. व्हिक्टोरिया ब्रिजलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली ट्रिगर वॉर्निंगविषयीच्या, म्हणजे त्रासदायक आशयाच्या आगाऊ सूचनेविषयीच्या, बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. आधी सूचना मिळालेल्या लोकांना तो मजकूर किंवा ते दृश्य पाहताना होणारा त्रास सूचनेमुळे कमी होत नाही, पाहण्याआधीची धास्ती मात्र थोडी वाढते, आणि सूचना वाचून लोक सहसा मागेही फिरत नाहीत, असे त्यात आढळले. सूचना म्हणजे मनावरचे चिलखत आहे, हा दावा यापुढे कोणी करू नये.

माझ्या मते त्यामुळे सूचनेची गरज संपत नाही, तिच्याकडून काय अपेक्षा करावी ते मात्र बदलते. त्रास कमी करणे हे तिचे काम नाही. आज पाहायचे की नंतर कधी, एकटीने की सोबतीने, रात्री की दिवसा, आणि मुळात पाहायचे की नाही, हे ठरवण्यासाठी माहिती देणे हे तिचे काम आहे. शिवाय अशा अभ्यासांतल्या सूचना बहुधा मोघम असतात आणि मोघम सूचना माणसाला नुसती धास्ती देते, निर्णय घ्यायला आधार देत नाही. काहीतरी भयंकर येणार आहे एवढेच कळले तर मन प्रत्येक दृश्यात त्याची वाट पाहत राहते. ते काय आहे आणि साधारण कुठे आहे हे कळले तर उरलेला चित्रपट मोकळेपणाने पाहता येतो.

याच्या जोडीने एक जुना अभ्यासही लक्षात घ्यावा. डॅनियल लिन्झ, एडवर्ड डोनरस्टीन आणि स्टीव्हन पेनरॉड या अमेरिकी संशोधकांनी १९८४ साली पुरुषांना सलग पाच दिवस स्त्रियांवरील हिंसा असलेले चित्रपट दाखवले. दिवसागणिक त्यांना ती हिंसा कमी हिंसक आणि कमी अपमानास्पद वाटू लागली, आणि त्यानंतर बलात्काराच्या खटल्याचे चित्रण दाखवले असता, असे चित्रपट न पाहिलेल्या पुरुषांपेक्षा त्यांना पीडितेची इजा कमी गंभीर वाटली. एका अभ्यासावरून भयपट गुन्हे घडवतात असा निष्कर्ष कोणी काढू नये, आणि या क्षेत्रात मतभेदही भरपूर आहेत. पण सराईत प्रेक्षकाच्या डोळ्यांना हिंसा बोथट दिसू लागते, एवढे समजून घेण्यास तो पुरेसा आहे. शेकडो भयपट पचवलेल्या माणसाने 'काही विशेष नाही त्यात' असे सांगितले, तर ती त्याच्या सवयीची साक्ष असते. सूचना लिहिणाऱ्याने म्हणूनच आपल्याला काय वाटले ते बाजूला ठेवून पडद्यावर काय आहे ते लिहावे.

सूचना लिहावी कशी

एक नमुना प्रत्यक्ष लिहून पाहू. वर उल्लेख केलेल्या 'द इनव्हिजिबल मॅन'बद्दल 'यात हिंसा आहे, सांभाळून पाहा' असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. त्याऐवजी असे लिहिता येईल: 'जोडीदाराने स्त्रीवर ठेवलेली पाळत, तिचा मानसिक छळ आणि तिला वेडी ठरवण्याचे प्रयत्न हा चित्रपटाचा मुख्य विषय असून तो जवळजवळ शेवटपर्यंत चालतो. मारहाणीची आणि अचानक होणाऱ्या हत्येची रक्तरंजित दृश्ये आहेत. स्वतःला इजा करून घेण्याचे एक दृश्य आहे. इच्छेविरुद्ध लादलेल्या गर्भधारणेचा उल्लेख आहे. पूर्वीचा छळ बोलण्यातून कळतो. बलात्कार पडद्यावर दाखवलेला नाही.'

या सहा वाक्यांत कथेचे रहस्य फुटलेले नाही. कोण कोणाला मारते, शेवटी काय होते, हे कुठेच आलेले नाही. रसभंग होईल ही भीती सूचना टाळण्यासाठी नेहमी पुढे केली जाते, पण रहस्य घटनांच्या क्रमात असते, हिंसेच्या प्रकारात क्वचितच असते. जिथे प्रकार सांगितल्यानेच रहस्य उघडे पडते, तिथे सूचना दोन टप्प्यांत द्यावी: पहिल्या ओळीत विषयाचा सर्वसाधारण प्रकार आणि त्याखाली, ज्यांना हवे त्यांनीच वाचावे असे सांगून, तपशील.

नमुन्यातील शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. जे चित्रपटात नाही तेही सांगावे. एखादी स्त्री केवळ त्या एका वाक्याच्या आधारावर तो चित्रपट पाहू शकेल. त्याचप्रमाणे दाखवलेले, सूचित केलेले आणि नुसते बोललेले यांत फरक करावा. बंद दाराआडचा आवाज हा पडद्यावरच्या कृत्यापेक्षा सौम्य असतोच असे नाही, पण तो वेगळा असतो आणि प्रत्येकीला कोणता सोसवेल हे तिलाच ठाऊक असते. दृश्य किती लांब आहे आणि चित्रपटाच्या साधारण कोणत्या टप्प्यावर येते, हे शक्य असेल तर द्यावे, म्हणजे तेवढा भाग ओलांडून पुढे जाता येते.

भाषेविषयी एक आग्रह आहे. 'अब्रू लुटली', 'कुकर्म', 'अतिप्रसंग' अशी आडवळणाची शब्दयोजना टाळून बलात्कार, विनयभंग, मारहाण, गळा आवळणे असे सरळ शब्द वापरावेत. पहिल्या प्रकारच्या शब्दांत नेमके काय घडले तेही कळत नाही आणि दोषही नकळत स्त्रीच्या अब्रूकडे सरकतो. याच्या उलट, दृश्याचे रसभरीत वर्णन करून सूचनाच चवीने वाचण्याजोगी करणे हा त्याहून मोठा दोष आहे. कृत्याचे नाव पुरेसे असते, जखमेचे वर्णन लागत नाही.

मंडळीबरोबर पाहताना

भयपट बहुधा गटाने पाहिला जातो, आणि सूचना देण्याची खरी कसोटी तिथे लागते. चित्रपट निवडणाऱ्याने तो आधी पाहिलेला असेल तर त्याने माहिती सर्वांना एकदमच, चित्रपट ठरवतानाच सांगावी. एका विशिष्ट मैत्रिणीकडे वळून 'तुला चालेल ना?' असे चारचौघांत विचारणे म्हणजे तिला तिच्या आयुष्यातली गोष्ट उघड करायला लावण्यासारखे आहे. कोणी नको म्हटले तर कारण विचारू नये आणि दुसरा चित्रपट लावावा. दृश्य सुरू होण्याच्या क्षणी 'आता डोळे मीट' असे सांगण्याचा उपयोग नाही, कारण भयपटात आवाज डोळ्यांपेक्षा अधिक काम करतो. मध्येच कोणी उठून बाहेर गेली, तर चित्रपट थांबवून तिच्यामागे सगळ्यांनी धावत जाण्यापेक्षा एकीने शांतपणे सोबत जाणे बरे.

सूचना देऊनही, आणि पाहणारीने स्वतःहून निवड करूनही, एखादे दृश्य जुनी आठवण खेचून वर आणू शकते. छाती धडधडणे, हात गार पडणे, आपण नेमके कुठे आहोत याचे भान क्षणभर सुटणे ही त्याची लक्षणे असतात आणि त्यात दुबळेपणाचा काही संबंध नाही. दिवे लावावेत, पाणी द्यावे, तिला बोलायचे असेल तर ऐकावे आणि नसेल तर गप्प बसावे. नंतरचे काही दिवस झोप उडाली किंवा ते चित्र डोळ्यांसमोरून हलेना, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते. आणि पडद्यावरचा छळ पाहताना घरात आजही चालू असलेल्या छळाची जाणीव झाली, तर स्त्रियांसाठीची १८१ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.